करंगळीलाही मुंग्या येतात का?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून ५२ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव त्यांच्या विनंतीवरून गाळलं आहे. त्या घरातूनच पोळी-भाजीचा व्यवसाय करतात आणि रोज दीडशे ते पावणेदोनशे पोळ्या लाटतात. ९ वर्षांपासून मधुमेह आहे, त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. पित्ताचीही एक गोळी सकाळी अनशापोटी असते. घर माळकरी, त्यामुळे मांस, मच्छी, अंडं वर्ज्य; दूधही दोन कप चहापुरतंच. वर्षभरापासून दोन्ही तळपायांना मुंग्या येतात आणि रात्री आग होते. सहा महिन्यांपासून हातांनाही मुंग्या सुरू झाल्या. रात्री दोन-अडीचला जाग येते, हात ‘मेल्यासारखा’ झालेला असतो, झटकला की सुटतो. नणंद म्हणते रक्त पोहोचत नाही, शेजारीण म्हणते वात आहे. मेडिकलवाल्याने नसांच्या ताकदीच्या गोळ्या दिल्या, त्या चार महिने चालू आहेत. त्यांनी सकाळी गरगरतं. एका कंपाउंडरकडून पाच लाल इंजेक्शनंही घेऊन झाली. पुण्यातला मुलगा मानेचा एमआरआय करू म्हणतो. सासूबाई रोज रात्री काशाच्या वाटीने तळपाय घासून देतात. जाता जाता त्यांनी लिहिलंय, ‘आषाढीला चार दिवस अनवाणी चालायचा माझा नेम आहे. यंदा टाचेत काच गेली होती, मुक्कामाला सुनेने दाखवली तेव्हा कळलं.’ त्यांचे प्रश्न असे: हे रक्ताचं आहे की वाताचं? आणखी इंजेक्शनं घ्यावीत का? ऑपरेशन निघालं तर माझ्या पोळ्यांचं काय? की वयोमानाने होतंच म्हणून सोडून द्यावं?

ताई,

तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत, पण मी अडले ती प्रश्न नसलेल्या ओळीवर. टाचेत काच गेली आणि ती तुम्हाला कळली नाही. हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, बहुधा पांडुरंगाने सांभाळलं या भावनेने. खरंच सांभाळलं. पण मुंग्यांपेक्षा मला त्या ओळीची जास्त काळजी वाटते. मुंग्या येणं म्हणजे मज्जातंतू तक्रार करतोय. काच न कळणं म्हणजे तो तक्रार करायचा थांबलाय. लोक मुंग्यांना घाबरतात आणि त्या कमी होऊन पाय ‘शांत’ झाले की सुटलो म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मधुमेहींच्या बाबतीत हा शांतपणाच घातक ठरलेला मी पाहिलाय.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. आपण ‘नस’ हा एकच शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही. नस चढली, नस आखडली, नस दबली. घोटाळा तिथूनच सुरू होतो. नस म्हटलं की डोळ्यांपुढे रक्ताची नळी येते, मग ‘रक्त पोहोचत नाही’ हे ओघानेच आलं. प्रत्यक्षात हातापायांच्या मुंग्या बहुतेक वेळा मज्जातंतूंच्या असतात. रक्तपुरवठा खरोखर कमी झाला तर चित्र निराळं दिसतं. थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की दोन-चार मिनिटांत सुटते, पाऊल गार पडतं, अंगठ्यावरची जखम लवकर भरत नाही. मिश्री, तंबाखू, बिडी यांची सवय असेल तर ही शक्यता आणखी वाढते. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तरी तपासताना डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूची नाडी बघतीलच. बघितली नाही तर बघायला सांगा.

तुम्ही आणखी एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि माझं सगळं उत्तर तिच्याभोवती फिरणार आहे. हात आणि पाय दोन्हींना मुंग्या येतात, म्हणजे दुखणं एकच, असं तुम्ही समजलात. मला तसं वाटत नाही.

पायांचं आधी बघू. कमरेतून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरातले सगळ्यांत लांब, जवळजवळ मीटरभर. साखर, जीवनसत्त्वाची कमतरता, दारू किंवा एखादं औषध यांचा मज्जातंतूंवर परिणाम होतो तेव्हा सगळ्यांत लांब तंतूचं टोक आधी थकतं. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते आणि मोजा वर चढवावा तशी ती हळूहळू वर सरकते. मुंग्या गुडघ्याच्या आसपास पोहोचतात तेव्हा कुठे हाताच्या बोटांच्या टोकांना सुरुवात होते, कारण तिथवर दोन्हीकडचं अंतर साधारण सारखं होतं. तुमच्या मुंग्या तर घोट्याच्या खालीच आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मग हात इतक्या लवकर कसे आले? बी १२ च्या कमतरतेत कधी कधी हात लवकर धरले जातात, ही शक्यता मी मनात ठेवलीय. पण रात्री दोनला जाग येणं, हात झटकणं आणि झटकल्यावर सुटणं हे वर्णन डॉक्टरांच्या कानांना फार ओळखीचं आहे. ते मनगटाकडे बोट दाखवतं.

म्हणून औषध, इंजेक्शन, एमआरआय या सगळ्यांच्या आधी माझा एक प्रश्न आहे. तुमच्या करंगळीलाही मुंग्या येतात का?

तुम्ही म्हणाल, ‘सगळ्या हातालाच येतात.’ सगळेच असं सांगतात, आणि अर्धवट झोपेत तसंच वाटतं. आज रात्री जाग आली की दिवा लावा आणि एकेक बोट चोळून बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर लागली आणि करंगळी ठणठणीत असली, तर दोष मनगटातल्या मज्जातंतूचा असण्याची शक्यता खूप वाढते. उलट करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर असेल, तर दाब बहुधा कोपराच्या आतल्या बाजूला आहे, जिथे काही आपटलं की झिणझिण्या येतात ना, तिथे. कोपर मुडपून डोक्याखाली हात घेऊन झोपणाऱ्यांना आणि तासन्‌तास कोपर टेबलावर टेकणाऱ्यांना हा त्रास होतो. आणि मान वळवली की वेदना खांद्यावरून दंडात उतरत असेल, तर मानेचा विचार करायचा. बोटांचा हा नकाशा चार रात्री वहीत लिहून काढा. कोणतं बोट, किती वाजता, कुठला हात, काय केल्यावर सुटलं. एमआरआयच्या आधी ही वही डॉक्टरांच्या जास्त उपयोगाची आहे.

मनगटाच्या पुढच्या बाजूला हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा बोगदा असतो. त्यातून बोटं मुडपणारे ९ स्नायुबंध आणि एक मज्जातंतू असे दाटीवाटीने जातात. कणीक मळताना, लाटणं दाबताना, घट्ट झाकण फिरवताना मनगट वाकतं आणि जोर लागतो. आतली आवरणं सुजली की सगळ्यांत मऊ असलेला मज्जातंतू चेपतो. रात्री मनगट वाकवून झोपलं की दाब आणखी वाढतो, म्हणून जाग येते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांना तो जास्त होतो. मधुमेह, थायरॉईड कमी असणं आणि वाढलेलं वजन यांनी तो बळावतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही अनेकींना होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा आपोआप जातो. पावणेदोनशे पोळ्या, ९ वर्षांचा मधुमेह आणि ५२ वर्षांचं वय हे तुमच्यात एकत्र आलंय.

आता पाय. इथे दोन संशयित आहेत आणि ते हातात हात घालून आलेले असू शकतात. एक साखर, दुसरं बी १२. साखरेबद्दल तुम्हाला कुणी ना कुणी सांगितलं असेलच. बी १२ बद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण त्याची कमतरता होण्याची तिन्ही कारणं तुमच्या घरात एकाच वेळी हजर आहेत आणि ती एकमेकांना जोडून कुणी पाहिली नाहीत.

पहिलं म्हणजे आहार. बी १२ वनस्पतींत जवळजवळ नसतं. ते दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. पालक, बीट, मोड आलेली मटकी, खजूर या सगळ्या उत्तम गोष्टी आहेत, पण बी १२ त्यांतून येत नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्याही त्यासाठी भरवशाच्या नाहीत. शाकाहारी माणसाचा आधार दूधदुभतं, आणि तुमच्या दिवसात दूध म्हणजे दोन कप चहापुरतं. साधारण पेलाभर दुधातून दिवसाच्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास बी १२ मिळतं, त्यावरून चहातलं किती पडत असेल बघा. दुसरं मेटफॉर्मिन. हे चांगलं, जुनं, स्वस्त औषध आहे, पण ते अनेक वर्षं घेतल्यावर आतड्यातलं बी १२ चं शोषण कमी होतं. तिसरं पित्ताची गोळी. अन्नातलं बी १२ मोकळं व्हायला पोटातलं आम्ल लागतं आणि ती गोळी नेमकं तेच कमी करते. यकृतात बी १२ चा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो. त्यामुळे तूट पडली तरी तीन-चार वर्षं पत्ता लागत नाही, आणि मग एक दिवस तळपायाला मुंग्या येतात.

माळ घातलीय म्हणून अंडं खा, मासे खा असं मी सांगणार नाही, त्याची गरजही नाही. दही-ताक वाढवा आणि कमतरता निघाली तर ती औषधाने भरून काढा. आणि हे वाचून मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती चालू ठेवून बी १२ भरून काढता येतं. वर्षातून एकदा रक्तात ते तपासून घ्यायचं एवढंच. पित्ताची गोळी मात्र खरंच रोज लागते का, हे डॉक्टरांना विचारा. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी महिनाभरासाठी दिलेली ती गोळी अनेकदा तशीच चालू राहिलेली असते.

मग पाच लाल इंजेक्शनं घेऊनही फरक का पडला नाही? तो लाल रंग बी १२ चाच असतो, त्यामुळे औषध बहुधा बरोबर होतं. पण तपासणी न करता घेतल्यामुळे आता पंचाईत अशी की रक्तातली पातळी चांगली दिसेल आणि आधी कमतरता होती की नाही ते सांगता येणार नाही. तरी डॉक्टर इतर खुणांवरून अंदाज बांधू शकतात, म्हणून इंजेक्शनांच्या तारखा त्यांना सांगा, लपवू नका. दुसरं, मज्जातंतूला घाई चालत नाही. तो वाढला तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. रक्त काही आठवड्यांत सुधारतं. मुंग्या कमी व्हायला तीन महिने, सहा महिने, कधी वर्ष लागतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्या उलट वाढल्यासारख्याही वाटतात. दहाव्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून औषध सोडणारे इथेच चुकतात. आणि तिसरं, तुमच्या हातांचा त्रास मनगटात असेल, तर इंजेक्शनाने तो जाणार कसा?

बी १२ च्या कमतरतेचा तुमच्या घरी तपासता येईल असा एक पुरावा सांगते. सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटलेत की तोल जातो का? अंधारात संडासकडे जाताना भिंत धरावी लागते का? गादीवरून किंवा कापसावरून चालतोय असं वाटतं का? चप्पल पायातून निसटते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं का? माझ्या दवाखान्यात एक आजोबा यायचे. एका दुपारी ते माझ्यासमोर खुर्चीत बसले आणि त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी बाहेरच्या पायरीवर पडलेली होती. त्यांना विचारलं तर ते चकित होऊन पायाकडे बघत राहिले. त्यांचा मुलगा हसायला लागला, मी मात्र लगेच कंपन तपासायचा चिमटा घेऊन त्यांच्या अंगठ्यावर टेकवला. त्यांना तो टेकलेलाही कळला नाही. पायाची जागा आणि कंपन मेंदूला कळवणारे तंतू कण्यातून जातात आणि बी १२ अभावी तेही झिजतात. वेळेत भरून काढलं तर बरंच परत मिळतं. उशीर झाला तर काही भाग कायमचा जातो. तुमच्यात यातलं काही असेल तर पुढच्या महिन्यात, दिवाळीनंतर वगैरे न म्हणता या आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

इथे इतर वाचकांसाठीही एक सांगते. अशक्तपणा वाटतो म्हणून लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणारे पुष्कळ असतात. फॉलिक अॅसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी १२ कमी असेल तर मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते. आणि हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी १२ कमी नसणारच, हेही खरं नाही.

आता तुमच्या त्या ‘ताकदीच्या’ गोळ्या. पाकिटाच्या मागे बघा. सकाळी गरगरतं म्हणताय त्यावरून माझा अंदाज आहे की त्यात बी १२ बरोबर प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन असेल. ते ताकद देणारं औषध नव्हे. मज्जातंतूच्या वेदनेचा, आगीचा आवाज ते मेंदूपाशी कमी करतं. रात्रीच्या आगीने झोपच येत नसेल तर त्याचा चांगला उपयोग होतो. ड्युलॉक्सेटिन किंवा अॅमिट्रिप्टिलिन हीसुद्धा त्याच कामाची औषधं आहेत. पण यांतल्या काहींनी झोप येते, तोल जातो, पायांवर सूज येते, वजन वाढतं. नुसत्या मुंग्यांवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. तुम्ही चार महिने घेतल्या आहेत, म्हणून एकदम बंद करू नका. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करा. त्यात बी ६ चा मोठा डोस आहे का तेही बघायला सांगा. कारण बी ६ जास्त प्रमाणात महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच मुंग्या येतात. मुंग्यांवर घेतलेल्या गोळीने मुंग्या वाढलेली माणसं मी पाहिली आहेत.

तपासण्या कोणत्या? सुरुवात साध्या गोष्टींपासून करायची. जेवणाआधीची आणि नंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तपेशी तपासणी म्हणजे सीबीसी, बी १२, थायरॉईडसाठी टीएसएच, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. यापेक्षा मोठी यादी पहिल्याच दिवशी करून घेऊ नका. डॉक्टरांनी मात्र मोजे काढायला लावून पाय हाताने तपासले पाहिजेत. नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवून कळतो का, कंपन कळतं का, हातोडीने ठोकल्यावर घोट्याचा झटका येतो का. या तपासणीला पाच मिनिटं लागतात. हातांसाठी, वहीतला नकाशा मनगटाकडे बोट दाखवत असेल तर एनसीव्ही नावाची तपासणी करतात. विजेचा बारीक चटका देऊन मज्जातंतू किती वेगाने संदेश नेतो ते मोजतात. थोडं टोचल्यासारखं होतं, पण सहन होण्यासारखं असतं.

तुमच्या मुलाची तळमळ मला कळते. तो लांब आहे, आईचा आवाज फोनवर थकलेला ऐकतो आणि मोठी तपासणी करून टाकू म्हणतो. पण पन्नाशीत मानेचा एमआरआय केला की काही ना काही निघतंच. गादी सरकलेली, मणके झिजलेले. काहीही त्रास नसलेल्या माणसांतही असे बदल दिसतात. मग त्या रिपोर्टवर बोट ठेवून मानेचे उपचार सुरू होतात आणि मनगट तसंच चेपलेलं राहतं. मान दुखत असेल, हातातली ताकद गेली असेल, चालताना पाय ताठ होत असतील तर एमआरआय जरूर करायचा. आज नको. मुलाला सांगा, डॉक्टरांकडे जायच्या दिवशी गाडी करून माझ्याबरोबर चल, ती मदत मोठी आहे.

वाताबद्दल. आयुर्वेदाचं औषध घ्यायचं तर शिकलेल्या वैद्याकडून घ्या, आणि चालू असलेल्या गोळ्यांची नावं त्यांना दाखवा. पावडर, भस्म, बिनलेबलची पुडी घेऊ नका. त्यांत जड धातू असतील तर तेच मज्जातंतूंना मारक ठरतात. सासूबाईंची काशाची वाटी? ती चालू राहू द्या, ताई. आग शमते, झोप लागते, आणि कुणीतरी रोज तुमचे पाय हातात घेतंय हे फार मोलाचं आहे. फक्त वाटीची कड गुळगुळीत असावी, कातडी फुटलेली नसावी, आणि घासून झालं की सासूबाईंनी, किंवा डोळे चांगले म्हणून सुनेने, बोटांच्या बेचक्यांसकट तळवा दिव्याखाली बघावा. चीर, फोड, लाली, खुपलेलं काही आहे का? रोज रात्री.

गरम पाण्यात पाय बुडवणं, गरम पाण्याची पिशवी, शेगडीचा शेक हे मात्र पूर्ण बंद. ज्या पायाला काच कळली नाही त्याला पोळलेलंही कळणार नाही. पाणी किती कढत आहे ते कोपराने बघायचं, पायाने नाही. घरातही चप्पल. घालण्याआधी ती उलटी करून झटकायची, आत हात फिरवायचा. नखं सरळ कापायची, कुरूप ब्लेडने तासायचं नाही.

आणि वारी. हे लिहिताना माझा हात अडखळतोय, कारण नेम म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. माझी आजी वारकरी होती. पण तुम्ही पुढच्या आषाढीला अनवाणी चालू नका. चालायचं सोडू नका, अनवाणी चालू नका. मऊ तळाचे, पुढे रुंद असलेले बूट, सुती मोजे, प्रत्येक विसाव्याला पाय बघायचे. उन्हात तापलेल्या डांबरावर, देवळाच्या फरसबंदीवर बधिर पायाला फोड येतो, तो चिघळतो, आणि मधुमेहात तिथून बोट काढायची वेळ येऊ शकते. तुमच्या दिंडीच्या महाराजांना विचारा. माझी खात्री आहे, ते तुम्हाला चपला घालायला सांगतील.

पोळ्यांचं काय, हा तुमचा प्रश्न मी शेवटासाठी ठेवला नव्हता, पण तो सगळ्यात अवघड आहे, कारण त्यावर घर चालतं. मनगटाचं निदान पक्कं झालं तरी लगेच ऑपरेशन नसतं. पहिला उपाय म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, आत सपाट पट्टी असलेला. सहा आठवडे न चुकता घालायचा. गच्च आवळायचा नाही, मनगट मागेही वाकवायचं नाही, सरळ. बऱ्याच जणींची रात्रीची जाग एवढ्यानेच थांबते. जोडीला कामात बदल. कणीक मळायचं यंत्र घ्या. मळण्यातच मनगटाला सगळ्यात जास्त जोर लागतो. लाटणं जरा जाड मुठीचं. ओटा इतका उंच नको की लाटताना खांदे वर चढतील. पन्नास पोळ्या झाल्या की पाच मिनिटं हात मोकळे सोडा. आणि तीन महिन्यांसाठी तरी लाटायला एक मदतनीस ठेवा, भाजणं तुम्ही करा. पैसे जातील हे मला कळतं, पण हात कायमचा गेला तर त्यापेक्षा जास्त जातील.

पट्ट्याने भागलं नाही तर मनगटात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देतात. मधुमेहात त्याने काही दिवस साखर चढते, तेवढं लक्षात ठेवून द्यावं लागतं. ऑपरेशनची वेळ केव्हा येते? अंगठ्याच्या मुळाशी तळहाताचा जो फुगीर गादीसारखा भाग असतो तो सपाट, खोलगट झाला, ब्लाउजची हुकं लागेनात, चिमटीतली सुई निसटायला लागली, बधिरपणा दिवसभर राहू लागला, तेव्हा. अशा वेळी थांबणं चुकीचं. हात तेवढा बधिर करून हे ऑपरेशन करतात, अर्ध्या तासाच्या आत होतं आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. हलकी कामं लवकर सुरू होतात. कणीक तिंबण्यासारख्या जोराच्या कामाला महिना-दीड महिना थांबावं लागतं. आधी एक हात, तो सावरला की दुसरा. तेव्हा पोळ्या थांबणार नाहीत, फक्त काही आठवडे दुसऱ्याच्या हातच्या असतील.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. टीबीची औषधं, कॅन्सरची केमोथेरपी चालू असताना मुंग्या सुरू झाल्या तर औषध न थांबवता त्याच डॉक्टरांना कळवा. रोज दारू पिणाऱ्याच्या पायांची आग गोळीने थांबत नाही, दारू थांबल्यावर थांबते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर लाजू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो, औषध मोफत मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. घाबरून भराभर श्वास घेतल्यावर ओठांभोवती आणि दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या येणाऱ्या तरुण मुलामुलींनी श्वास मंदावून बघावा आणि मनातली भीती कुणाशी तरी बोलावी. मांडी घालून बसल्यावर आलेल्या आणि उठून चालल्यावर दोन मिनिटांत गेलेल्या मुंग्यांसाठी काहीच करायला नको.

काही मुंग्यांना मात्र रात्र काढू देऊ नका. एका बाजूचा हात, पाय किंवा चेहरा अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली तर तो पक्षाघात समजा. १०८ ला फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवण्याचं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं. मुंग्यांबरोबर पायांतली ताकद जाऊ लागली, एक-दोन दिवसांत ती वर चढत गेली, जिना चढवेना, श्वासाला त्रास होऊ लागला तर थेट मोठं रुग्णालय. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोमची (शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटते त्या आजाराची) साथ आली, तेव्हा अनेकांना आधी जुलाब आणि मग अशीच सुरुवात झाली होती. वेळेत पोहोचलेल्यांना उपचार आहेत. आणि कंबरदुखीबरोबर बसायच्या जागेवर बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

राहिलं तुमचं वयोमान. ५२ हे काही वय नव्हे, ताई. वर्षभर सोसलंत, कारण डबे वेळेत जायला हवेत, आणि घरात बाईच्या मुंग्यांसाठी कुणी दवाखान्याची वाट धरत नाही. या सोमवारी डबे बंद ठेवा. गिऱ्हाइकांना आदल्या दिवशी सांगा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला, इंजेक्शनांच्या तारखा आठवतील तशा लिहा, टाच दाखवायला विसरू नका. आणि वही. तिच्यात आज रात्री पहिली ओळ करंगळीबद्दल लिहा.